रात्री पॉलिहाऊस गरम ठेवायचं, पण अंधार न मोडता

निफाडकडं पारा उतरायला लागला ना की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात, आणि आम्ही छोटे फुलंवाले पॉलिहाऊसचे पडदे खाली ओढून आत काय पेटवता येईल ते शोधत बसतो. कोण पिवळे बल्ब लावतं, कोण घमेल्यात कोळसा ठेवतं, कोण कोंबडीच्या पिल्लांसाठी आणलेला लाल दिवा आत टांगतं. झाडं जगतात हे खरं, पण कळी धरत नाहीत, किंवा धरलेली कळी गळून पडते, आणि मग माणूस खतं बदलत बसतो. खताचा काही संबंध नसतो हो, रात्री आपण आत काय लावलं होतं ते आठवायचं आधी.

माझं पॉलिहाऊस लहान आहे, नाशिकच्या बाहेर, ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद, आत कुंडीतली शेवंती, पॉइनसेटिया, कलांचो आणि एका कोपऱ्यात थोडी फॅलेनॉप्सिस ऑर्किड. पहिल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला लोक छोट्या कुंड्या नेतात म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी शेवंती लावली, आणि नोव्हेंबरमध्ये थंडी वाढली तशी १०० वॉटचे चार पिवळे बल्ब कुंड्यांवर हातभर उंचीवर रात्रभर चालू ठेवले. जानेवारी आला तरी कुंड्यांमध्ये नुसता पाला, लांब लांब वाढलेल्या फांद्या, पानं अगदी तजेलदार, आणि शेंड्याला बोटाने चाचपलं तरी कळीची गाठ लागेना. फक्त एक ओळ फुलली. ती पाण्याच्या काळ्या टाकीमागे होती, तिथे टाकीची सावली पडायची, बल्बचा उजेड पोचायचाच नाही. अकरा कुंड्या. त्या अकरा कुंड्यांसमोर मी किती वेळ उभी होते काय सांगू, कारण तीच माती, तेच पाणी, तेच खत, आणि तिथे तर बाकीच्यांपेक्षा गारही जास्त होतं.

तर मूळ मुद्दा हा की शेवंती, पॉइनसेटिया, कलांचो ही झाडं रात्रीची लांबी मोजतात. अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी १९२० साली तंबाखूवरचं काम छापलं आणि दिवस किती लांब यावर फूल ठरतं हे दाखवलं, पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्याला काटेरी गोंडे चिकटतात ना त्या तणावर प्रयोग केले आणि कळलं की खरा हिशोब अंधाराचा आहे, लांब रात्रीच्या मध्येच मिनिटभर दिवा लावला तरी ते झाड फुलायचं थांबलं. पानात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, ते लाल उजेडाला सगळ्यात जास्त ओळखतं, आणि पिवळ्या बल्बमध्ये लाल उजेड भरपूर असतो. म्हणजे ऊब देण्यासाठी जो दिवा आपण निवडतो तोच फुलाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट, आणि पिल्लांचा लाल दिवा तर विचारूच नका.

शेवंतीच्या बहुतेक जातींना कळी धरायला साधारण साडेदहा-अकरा तासांच्या वर सलग अंधार लागतो, पॉइनसेटियाला पावणेबाराच्या आसपास. आपल्याकडे डिसेंबरात रात्र तेरा तासांची असते, म्हणजे निसर्ग सगळं आयतं देतोय, आपण फक्त ते मोडायचं नाही. माझ्या सासूबाई दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू द्यायच्या नाहीत, झाडं झोपलीत म्हणायच्या. मी आता तेच पाळते, फक्त कारण माहीत झालंय.

गुलाब आणि जरबेरा असतील तर उजेडाची एवढी काळजी नाही, ती रात्रीच्या लांबीवर अडून बसत नाहीत. ऑर्किडचं वेगळं, फॅलेनॉप्सिस गारव्यावर फुलाची दांडी काढते, म्हणून तिला फार उबवलं तर उलट दांडीच येत नाही. म्हणजे आपल्याकडे काय लावलंय ते आधी बघायचं आणि मग हीटर घ्यायला जायचं.

आधी अंधार तपासून घ्या. रात्री नऊ-दहाला आत जायचं, मोबाईल खिशात ठेवायचा आणि दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, डोळे सरावले की कुठून कुठून उजेड येतोय ते दिसायला लागतं, शेजारच्या गोठ्यावरचा एलईडी, रस्त्याचा खांब, आपल्याच अंगणातला हॅलोजन. पेपरचा मोठा मथळा जरी वाचता आला तरी उजेड जास्त आहे असं मी धरते. मोबाईलवर लक्स मीटरचं, म्हणजे उजेड मोजायचं अॅप मिळतं, ते पानाच्या उंचीवर धरून एक-दोनच्या वर आकडा दाखवत असेल तर दिवा शोधून काढायचा आणि त्या बाजूला काळा मल्चिंग पेपर नाहीतर जाड ताडपत्री लावायची. चांदण्याची भीती नको, पौर्णिमेचा उजेड एक लक्सच्या बराच खाली असतो. आत काही बघायला जावंच लागलं तर मंद हिरवा दिवा घ्या आणि पटकन बाहेर या, हिरवा उजेड त्यातल्या त्यात कमी त्रास देतो, अजिबातच देत नाही असं नाही.

आता कोळसा आणि धूर. हे मी जीव तोडून सांगते. द्राक्षबाग उघडी असते, धूर निघून जातो, पॉलिहाऊस म्हणजे बंद डबा. कोळसा, लाकूड, रॉकेल किंवा नीट न जळणारा गॅस यातून इथिलीन निघतं, तोच वायू जो केळी पिकवायला वापरतात, आणि फुलांना तो फार कमी पुरतो, एक कोटी भाग हवेत एक भाग असला तरी नाजूक फुलांवर परिणाम दिसतो. कार्नेशन मिटून जातं, ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात, शेवंतीची कळी धरायची थांबते. मी एका रात्री, एकाच रात्री, लाईट नव्हती म्हणून शेगडी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी ऑर्किडच्या दांडीवरच्या टोकाच्या कळ्या मऊ पडल्या, हिरव्याच्या पिवळट झाल्या, आणि बोट लावलं की देठासकट हातात यायच्या. सात महिने सांभाळलेली दांडी होती. आणि फुलांचं जाऊ द्या, बंद जागेत कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, त्याला वास नाही, रंग नाही, रात्री लक्ष ठेवायला म्हणून आत बसलेला माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडू शकतो. आपल्या घरच्या माणसाला किंवा कामावरच्या पोराला शेगडी लावून आत झोपायला अजिबात सांगू नका.

गॅसच्या हीटरचं अजून एक असतं. एक किलो गॅस जळला की दीड लिटरपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. पॉलिहाऊसच्या प्लॅस्टिकवर रात्री तसंही दव जमतं, त्यात हे पाणी, सगळं टपटप करून पाकळ्यांवर पडतं आणि बोट्रायटिस, म्हणजे ती राखाडी बुरशी, दोन दिवसात फुलावर चट्टे पाडते. ज्यांचं पॉलिहाऊस मोठं आहे, गुंठ्यात, त्यांनी धुराडं बाहेर काढलेला गरम हवेचा हीटर नाहीतर बॉयलर आणि गरम पाण्याचे पाईप असंच करावं, तिथे विजेवर भागत नाही. पुढचं सगळं माझ्यासारख्या छोट्या जागेसाठी आहे.

आता हिशोब करू, कारण इथेच पैसे वाचतात. उष्णता किती बाहेर जाते ते ठरतं तीन गोष्टींवर, प्लॅस्टिकचं क्षेत्रफळ किती, प्लॅस्टिक कसलं, आणि आत-बाहेर किती अंशांचा फरक. एकेरी प्लॅस्टिकमधून दर चौरस मीटरला दर अंशाला साधारण साडेसहा वॉट जातात असं धरायचं. माझ्या पॉलिहाऊसच्या भिंती आणि छत मिळून ७८ चौरस मीटर. बाहेर ६ अंश आणि आत १४ हवे असतील तर फरक ८ चा. ७८ गुणिले साडेसहा गुणिले ८, झाले चार हजार वॉट. सहा तास चालवलं तर २४ युनिट, एका रात्रीचे! हे कोणाला परवडणार, आणि एवढा लोड आपल्या वायरिंगला तरी कुठे झेपतो.

म्हणून सगळं पॉलिहाऊस गरम करायचंच नाही. आतल्या आत एक छोटा बोगदा करायचा. मी काय केलं, ५ मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद मांडव आहे कुंड्यांचा, त्याच्यावर अर्ध्या इंची पीव्हीसी पाईपच्या कमानी वाकवल्या, वर पातळ प्लॅस्टिक, आणि त्याच्यावर संध्याकाळी काळं जाड कापड. प्लॅस्टिकने ऊब राहते आणि काळ्या कापडाने अंधार, एका कामात दोन कामं. या बोगद्याचं क्षेत्रफळ भरतं १५ चौरस मीटरच्या आसपास, त्याच हिशोबाने ८०० वॉट लागतात, म्हणजे सहा तासांना पाच युनिटच्या आत, आणि प्रत्यक्षात अजून कमी कारण बाहेर पॉलिहाऊसचं एक कवच आहेच आणि वर कापड आहे. जुन्या गोधड्या, गोणपाट काहीही चालतं, फक्त ओलं झालेलं नको, आणि ते पानाला टेकायला नको कारण टेकलेल्या पानाला गारठा थेट लागतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल अशा रात्री साध्या प्लॅस्टिकच्या आत कधीकधी बाहेरपेक्षाही गार होतं, कारण पॉलिथिन झाडांची ऊब आभाळाकडे आरपार जाऊ देतं आणि बाहेरची हवा आत मिसळत नाही. आतून अजून एक आवरण घातलं की हा प्रकार थांबतो. म्हणून नुसतं पॉलिहाऊस बंद केलं म्हणजे झालं असं समजू नका, किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर आणा, कुंडीच्या शेंड्याच्या उंचीला लावा, आणि आठवडाभर रोज सकाळी आकडा लिहून ठेवा. सगळ्यात गार वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्य उगवायच्या थोडी आधीची असते, त्यामुळे अकरा वाजता बघून सगळं ठीक आहे म्हणून झोपायचं नाही.

हीटर कोणता घ्यायचा? मी तेलाचा रेडिएटर वापरते, तो खोलीत ठेवतात ना तो, पात्यापात्यांचा. त्यात काही लालबुंद होत नाही, धूर नाही, वाफ नाही, आणि बंद झाला तरी अर्धा तास ऊब देत राहतो. ज्याची कॉइल लाल होते किंवा नळी चमकते तो हीटर नको, हॅलोजन हीटर तर नकोच. अगदी लहान पेटीएवढी जागा असेल तर पिल्लांसाठी किंवा पाळीव कासवांसाठी सिरॅमिकचा गोळा मिळतो, बल्बच्याच होल्डरला बसतो, उजेड शून्य, पण तो भयंकर तापतो म्हणून होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. हीटरवरचा तो छोटा लाल-केशरी इंडिकेटर आणि तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचा डिस्प्ले, दोन्हीवर काळी चिकटपट्टी लावून टाकायची.

थर्मोस्टॅट घेताना त्याच्या रिलेला, म्हणजे आतल्या स्विचला, किती अँपिअर झेपतात ते विचारा, आणि त्याचा सेन्सर शेवंतीच्या शेंड्याच्या उंचीला, हीटरपासून लांबच्या टोकाला टांगा. हीटरच्या तोंडावर टांगला तर तो दोन मिनिटात बंद करतो आणि पलीकडची झाडं गारठतात. दीड-दोन अंशांचा फरक ठेवा, म्हणजे १४ ला चालू आणि १६ ला बंद. शेवंतीला कळी धरताना मी रात्री एवढंच ठेवते, कळीला रंग दिसायला लागला की ११-१२ पर्यंत उतरू देते. पांढऱ्या शेवंतीला जास्त गारवा लागला की बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा गुलाबी होतात, छान दिसतात खरं तर, पण पांढरी म्हणून मागणारं गिऱ्हाईक घेत नाही. पॉइनसेटिया आणि ऑर्किडला १६ ते १८, म्हणून ती हीटरजवळच्या टोकाला, शेवंती लांबच्या टोकाला. आणि वीस-एकविसाच्या वर कशालाच नको, रात्र फार उबदार झाली तर पॉइनसेटियाला लाली यायलाही उशीर होतो आणि शेवंतीही मागे पडते. माया म्हणून जास्त तापवायचं नसतं.

वायरिंगवर पैसे वाचवू नका. ओलसर जागा, पत्र्याचा नाहीतर जीआय पाईपचा सांगाडा, त्यात हीटर. वायरमनकडून वेगळी लाईन, चांगली अर्थिंग, एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा गळती पकडणारा ब्रेकर बसवून घ्या, हीटर विटेवर किंवा कोटा फरशीवर ठेवा, आणि चारी बाजूंनी हातभर मोकळं ठेवा, वर कापड आहे हे विसरू नका. खेड्यात अजून एक, व्होल्टेज. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते, म्हणजे २३० ऐवजी १८० आलं तर १००० वॉटचा हीटर जेमतेम ६१० वॉट देतो, आणि पहाटे सगळ्यांच्या मोटारी चालू असतात तेव्हा नेमकं तेच होतं. म्हणून ८०० लागत असतील तर हीटर १५०० चा घ्या, थर्मोस्टॅट आहेच बंद करायला.

लाईट जाणार हे धरूनच चालायचं, आणि त्यासाठी पाणी. २०० लिटरचा ड्रम काळा रंगवून दिवसा ऊन लागेल असा मांडवाखाली ठेवला की दुपारी पाणी तापतं, आणि रात्रीतून ते ६ अंशांनी उतरलं तर साधारण १.४ युनिटची ऊब हवेला देतं, फुकट. मी दोन ड्रम ठेवलेत, आणि त्याशिवाय २० लिटरचे दहा काळे कॅन कुंड्यांच्या रांगांमध्ये, कारण मोठा ड्रम ऊब सावकाश सोडतो आणि कॅन लवकर, दोन्हीचा मिळून मेळ बसतो. झाकणं घट्ट लावा, नाहीतर ओलावा वाढतो आणि डास होतात. गेल्या वर्षी एकदा रात्री एक ते पहाटे साडेपाच लाईट नव्हती, बाहेर ७ अंश होते, बोगद्यात सकाळी ११ मिळाले, एक कळी गेली नाही.

ज्यांच्याकडे बजेट आहे त्यांनी मुळाखाली गरम करायची चटई किंवा केबल घ्यावी. मुळं उबदार असली की वरची हवा थोडी गार चालते, आणि ती मातीत असल्याने उजेडाचा प्रश्नच नाही. मात्र कुंडी लवकर वाळते, बोट घालून बघत जा.

पंखा लावायचा का? छोटा लावा, पण झाडाच्या अंगावर थेट नको. पान जेमतेम हललं न हललं एवढाच वारा, नाहीतर हीटरची कोरडी हवा कळ्यांवर सतत आपटते आणि कळ्यांची टोकं तपकिरी होतात. पंखा मांडवाच्या वरच्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून ठेवला की हवा फिरते आणि वर साचलेली ऊब खाली येते. पाणी सकाळीच द्यायचं, दुपारी तीननंतर नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतात.

रोजचा क्रम असा. साडेपाचला पॉलिहाऊसचे पडदे खाली, म्हणजे दिवसाची ऊब आत अडकते. सहाच्या सुमाराला काळं कापड ओढायचं, हीटरचं बटण चालू, पुढचं थर्मोस्टॅट बघतो. त्यानंतर आत जायचं नाही. सकाळी साडेसातला आधी कापडाचं एक टोक उघडायचं, सगळं एकदम नाही, कारण बोगद्याच्या वर जी गार हवा साचलेली असते ती धपकन फुलांवर येते. पंधरा मिनिटांनी सगळं कापड काढायचं, आणि हीटर चालू असतानाच पॉलिहाऊसचा वरचा पडदा वीतभर उघडायचा, दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे रात्रभर साचलेली ओली हवा बाहेर जाते आणि कोरडी आत येऊन तापते. मग हीटर बंद. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला हात फिरवून बघा, थेंब ओघळत असतील तर अजून थोडा वेळ उघडं ठेवा, आणि थेंब नेमके कुठल्या कुंडीवर पडतायत ते बघून ती कुंडी तेवढी सरकवून ठेवा.